गाडी न लागणारा माणूस

मला गाडी लागत नाही. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून, मान खाली घालून, अख्खं वर्तमानपत्र वाचत मी मोहाडीहून नागपूरला जाऊ शकतो आणि उतरल्याबरोबर दोन आलूबोंडे खाऊ शकतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत आकाशपाळण्यातून लोक पिवळे पडून उतरतात; मी उतरतच नाही, बसल्या जागी दुसरं तिकीट घेतो. आमच्या गावात हे लहानथोरांना माहीत आहे. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना अजूनही कोणीतरी म्हणतंच, "हा तोच, ज्याले गाडी लागत नाही."

हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. का सरकतं, ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

चौथीत जाईपर्यंत माझ्याइतकं ओकणारं पोर गावात दुसरं नव्हतं. डिझेलचा वास आला की सुरुवात. बैलबंडीत बसलो तरी ओकायचो, पाळण्यात ओकायचो, एकदा तर गोल गोल फिरणारी पोरं नुसती बघून ओकलो. माय पोटाला वर्तमानपत्राची घडी बांधायची, हातात लिंबू द्यायची, तोंडात ओवा कोंबायची. काही उपयोग नाही. मग ती हसायची, पुसायची, कपडे धुवायची. बाबूजी हसायचे नाहीत.

बाबूजींचा हात चालायचा. बैल अडला तर बैलावर, मी अडलो तर माझ्यावर. मायवर चालायचा की नाही ते मी लिहिणार नाही. ती जिवंत आहे आणि तिला ते आवडणार नाही. गावात मात्र बाबूजींना मान होता, कारण ते पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आलेले. पायाळू माणसानं पाठीवर लाथ दिली की भरलेली उसण निघते, असं आमच्याकडे मानतात. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत वाकून वाकून पाठी धरल्या की बाया-माणसं आमच्या उंबरठ्याशी येऊन पालथी पडायची, बाबूजी एकेकाच्या कमरेवर पाय द्यायचे, आणि ती माणसं उठून त्याच पायांना हात लावायची. लाथ खाऊन पाया पडणारे लोक मी लहानपणापासून पाहिले आहेत.

त्या उन्हाळ्यात सिहोऱ्याला नात्यातलं लग्न होतं. एसटी खच्चून भरलेली. मी मायच्या मांडीवर आणि शेजारी बाबूजींचे एक वयस्क नातेवाईक, पांढरंशुभ्र धोतर, नवाकोरा दुपट्टा. तुमसर सुटलं आणि मी सगळं त्यांच्या मांडीवर ओकलो. सकाळचा आंब्याचा रस आणि शेवया. ते म्हातारे फक्त दोन्ही हात वर धरून बसले. पण मागच्या सीटवरचं कोणीतरी हसलं.

बाबूजींनी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. मला दंडाला धरून त्यांनी खाली उतरवलं, आणि खिडक्याखिडक्यांतून तोंडं बघत असताना दोन्ही तळहात दोन्ही बाजूंनी माझ्या कानांवर एकाच वेळी हाणले. कानाखाली मी तोवर पुष्कळ खाल्ल्या होत्या. एका हाताच्या थपडेत दुसरी बाजू मोकळी असते, मान वळते, माणूस तिकडे पडतो. यात पडायला जागाच नव्हती. डोक्यात काहीतरी फुटलं आणि सगळे आवाज बंद झाले. मग समोरचा डांबरी रस्ता उभा राहिला आणि मी त्याच्यावरून घरंगळलो.

लग्न लागलं, पंगती उठल्या. मला मांडवामागे चटईवर टाकलं होतं. कानांतून आधी रक्त आलं, चार दिवसांनी पू. गावात सायकलवर इंजेक्शनं द्यायला एक जण यायचा, त्यानं पंधरा दिवस दोन्ही वेळा सुया टोचल्या. ताप उतरला, पू थांबला, ऐकूही यायला लागलं. पण मी उभा राहू शकत नव्हतो. उभं केलं की जमीन पायाखालून निघून जायची. दहा वर्षांचा घोडा मी, अंगणातून न्हाणीपर्यंत रांगत जायचो. बाबूजी ओट्यावर बसून ते बघायचे आणि उठून शेतावर निघून जायचे. भिंत धरून चालायला दोन महिने लागले. उजेडात हळूहळू जमलं. अंधारात आजही जमत नाही.

दिवाळीला आम्ही मामाकडे आसगावला निघालो. मायनं लिंबू, ओवा, फडकी, सगळी जय्यत तयारी केली होती. भंडारा, पवनी, मग आसगाव, तीन गाड्या बदलल्या, आणि मी खिडकीत बसून भुईमुगाच्या शेंगा खात होतो. एकदासुद्धा मळमळलं नाही. माय इतकी खूश झाली की परत आल्या आल्या शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं विहिरीवर सांगितलं. पायाळूचा हात! ज्याच्या लाथेनं उसण जाते त्याच्या हातानं गाडी लागणं का नाही जाणार? गावाला हे इतकं पटलं की आठ दिवसांत एक बाई आपलं ओकणारं पोर घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आणि बाबूजी नाही म्हणाले नाहीत.

मग ते सुरूच झालं. लग्नसराईच्या आधी, शाळेच्या सहलीच्या आधी लोक पोरं घेऊन यायचे. पहिल्यांदा माझा खेळ व्हायचा. मला अंगणाच्या मधोमध उभं करून बाबूजी खांद्यांना धरून वीस-पंचवीस वेळा गरगर फिरवायचे आणि सोडून द्यायचे. दुसरं कोणतंही पोर आदळलं असतं. मी सरळ तुळशीपर्यंत चालत जायचो आणि तसाच परत यायचो. बाया तोंडात बोटं घालायच्या. "पाहा बाप्पा, डोळे बी नाही फिरत पोट्ट्याचे!" मला त्याचा गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू. नंतर त्या पोराला लाकडी पिढ्यावर बसवायचे, बाबूजी त्याच्या मागे उभे राहायचे, आणि मी धूम ठोकायचो. गोठ्यात म्हशीच्या अंगाला डोकं लावून, कानांत बोटं कोंबून उभा राहायचो. तरी तो आवाज यायचाच. फाट! आणि पाठोपाठ पोराचं रडणं. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकला, पण प्रत्यक्ष काय होतं ते एकदाही बघितलं नाही.

त्यातली बहुतेक पोरं पुढेही एसटीत ओकतच राहिली. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. आयांनी पथ्य पाळलं नसेल, असं लोक म्हणायचे. पुरावा म्हणून मी होतोच की.

मोठा झालो, बाबूजींच्याच धानाच्या बांध्या कसायला लागलो, लग्न झालं, एक मुलगी झाली. दिवेलागण झाली की मी डुलत चालायचो. हातात बॅटरी नसेल तर चार पावलांत शेताच्या धुऱ्यावरून खाली चिखलात. दारूचा थेंब मी कधी घेतला नाही, पण बायकोनं पहिलं वर्षभर माझ्या तोंडाचा वास घेतला. एकदा पानठेल्यावर एकानं चारचौघांत मला बेवडा म्हटलं. मी त्याचे दोन दात पाडले. हात बापाचाच आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी धान गर्भात असताना, लोंब्या बाहेर पडायच्या आधीच पाऊस गेला. तलावात पाणी होतं. आमच्या तलावाच्या मातीच्या पाळीत जुनं दगडी तुडूम आहे, म्हणजे शेतांकडे पाणी सोडायची मोरी, आणि तिच्या तोंडाशी पाण्याखाली पुरुषभर खोल एक लाकडी डाट बुचासारखा बसवलेला असतो. बुडी मारून तो ओढून काढावा लागतो. हे काम दरवर्षी माझा एक शाळासोबती करायचा, तो तलावात मासे धरतो. त्या दिवशी तो डोंगा घेऊन पलीकडच्या काठाला होता, आणि इकडे पाळीवर पाणी आधी वरच्या बांध्यांना की खालच्या, यावरून काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं. एका म्हाताऱ्याला दोघांनी पाळीवरून खाली लोटलं. मी तिघांच्या गर्दीत शिरून दोन दिल्या, तीन खाल्ल्या, आणि तो बोंबलणारा घोळका बघून माझं डोकं असं फिरलं की सदरा काढून फेकला, "मीच काढतो डाट, मग पाहू कोणाच्या बापाचं पाणी आहे," म्हटलं आणि उडी टाकली.

मला पोहता येतं. पण काठाकाठानं, भर उन्हात, डोकं वर ठेवून. बुडी मारायची हौस मला कधी नव्हती, आणि का नव्हती हा प्रश्न कधी पडला नव्हता.

दगडांना धरधरत खाली गेलो. डाट हाताला लागला. जोरात हिसका दिला, तो सुटला नाही, पण तळाचा गाळ उसळला आणि डोळ्यांपुढचं सगळं पुसलं गेलं. त्याच वेळी हात सुटला. आणि वर नावाची दिशाच नाहीशी झाली. पाण्यात अंगाला वजन नसतं, पाय कशावर टेकत नाहीत, त्यातून दिसत काही नाही. मी उभा आहे की आडवा, की उलटा टांगलेला, हे सांगणारं माझ्या आत कोणी नव्हतं. दम संपत आला तसा मी सगळी ताकद लावून वर पोहलो, आणि माझं कपाळ चिखलात रुतलं. तोंडात गाळ गेला. मी वर नाही, खाली पोहत होतो. ते कळूनही उपयोग नव्हता. आता उलट फिरायचं, पण उलट म्हणजे कुठे? मी तळाच्या चिखलाला बुक्क्या मारत होतो एवढं आठवतं. दार बंद आहे आणि आपण आत अडकलोय असं वाटत होतं.

त्या मासेवाल्या मित्रानं डोंग्यातून माझी उडी पाहिली होती. त्यानं माझा घोटा धरला आणि ओढत वर काढलं. पाळीवर पालथं पाडून पाठीत गुद्दे घातले, तेव्हा मी पाणी आणि गाळ ओकलो. "अबे, वर येवाचं सोडून खाली काहून जाऊन राहिला होता?" तो ओरडला. "मराले गेला होता का?"

गावानं तेच धरलं, की हा मरायला गेला होता. बायकोनं रडून घर डोक्यावर घेतलं. मी तिला शपथेवर सांगितलं की मला वर कुठे आहे ते समजलंच नाही. तिनं विश्वास ठेवला, पण मला नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानाच्याच का, तर तिला म्हणे कुठूनतरी माहीत होतं की तोल कानात असतो. मला माहीत नव्हतं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला आडवं करून कानात आधी गार पाणी सोडलं, मग कोमट. हातात पसरट भांडं दिलं होतं, ओकारी आली तर म्हणून. डोळ्यांसमोर दिवा धरून त्या बघत राहिल्या. मला काही झालं नाही. दोन्ही कानांना तेच. "एवढ्यानं धडधाकट माणसाचे डोळे नाचतात, तो भांडं भरतो," त्या म्हणाल्या. मी सवयीनं जरा छाती फुगवली. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात, आणि एका मऊ गादीवर चुनखडीचे कण असतात. ते कण आपल्या वजनानं खाली दाबतात, म्हणून खाली कुठे आहे ते डोळे मिटूनही कळतं. गाडी लागते ती कानाचं आणि डोळ्याचं जमत नाही म्हणून. अंतराळवीर वर जातात तिथे वजनच नसतं, कण दाबत नाहीत, कान भलतंच सांगायला लागतो. म्हणून भले भले, विमानं उडवणारे लोक पहिले दोन-तीन दिवस ओकत असतात. हळूहळू ते कानाचं ऐकणं सोडतात आणि डोळ्यांनी ठरवतात की ही जमीन आणि हे छत. "तुमच्या बाबतीत भांडणच नाही," त्या म्हणाल्या, "कारण भांडणाऱ्यांपैकी एक मेलाय. तुम्ही इतकी वर्षं डोळ्यांवर आणि तळपायांवर उभे आहात. त्या गढूळ पाण्यात दोन्ही गेलं."

"मारानं झालं का हे?" मी विचारलं.

"मारानं किंवा त्यानंतरच्या इंजेक्शनांनी. काही औषधांनी ऐकणं राहतं आणि तोल जातो. आता सांगता येणार नाही."

मला सांगता येत होतं. मार नसता तर पू नसता, पू नसता तर सुया नसत्या. परतताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीतून ओकत होता, आणि मला त्याचा इतका हेवा वाटला की मी सीटच्या दांडीवर मूठ आपटली. ज्याला सारं गाव गुण म्हणत होतं ते माझं अपंगत्व होतं, आणि त्या अपंगत्वाचा खेळ बाबूजींनी अंगणात लावला होता. त्यांनी आणखी किती पोरं अशी केली असतील?

घरी आल्यावर मी त्यांच्यावर धावून जाणार होतो. मायनं पदर पसरला. "म्हातारे झाले ते. आता कायले काढतोस ते?" तोवर मेडिकलमध्ये गोळी मिळायला लागली होती, आमच्याकडे कोणी पोरं आणत नव्हतं. मी गिळलं. सहा वर्षं त्यांच्या शेजारी पाटावर बसून जेवलो.

मुलगी आता सातवीत आहे. तिला अंतराळाचं वेड आहे. आपला माणूस यानात तरंगताना दाखवलेला व्हिडिओ ती मोबाईलवर परत परत बघते. त्या लोकांना वर गेल्यावर मळमळतं हे तिनंच मला एक दिवस मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिला स्वतःला गाडी लागते, आणि नुसती लागत नाही, भंडाऱ्याला पोचेपर्यंत ती अर्धी होते. गोळीनं नुसती झोप येते. माझे कान कसे आहेत हे कळल्यावर म्हणाली, "बाबा, मंग तुमालेच पाठवाले पायजे तिकडे." मी हसलो. कान असे का झाले ते तिला सांगितलं नाही. हीच माझी चूक.

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल नागपूरला विज्ञान प्रदर्शन बघायला निघाली, आणि सरांनी सांगितलं की मागच्या वेळी गाडी घाण करणाऱ्यांना नेणार नाही. पोरीनं दोन दिवस अन्न टाकलं. मग तिला आजीच्या जुन्या गोष्टी आठवल्या आणि ती तिच्या आबाजींकडे, बाबूजींकडे गेली.

मी दुपारी बैल घेऊन घरी आलो. हातात तुतारी होती, बैल हाकायची, बांबूची. अंगणात पिढ्यावर माझी मुलगी ताठ बसली होती, आणि तिच्या मागे बाबूजी. त्यांचे दोन्ही तळहात तिच्या कानांच्या बाजूला वर उचललेले.

मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. तुतारी दोन्ही हातांनी धरून मी त्यांच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव खांद्यावर बसला. ते ओट्यावर पडले, मी त्यांच्या छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर हाणलं, एकदा, दोनदा, मोजले नाहीत. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं मी त्यांच्या तोंडावर ओरडत होतो, कण, नळ्या, चिखल, माझे दोन महिने, न्हाणीपर्यंतचं रांगणं. बैल उधळून परड्यात घुसले. मायनं माझे केस धरून मला मागे ओढलं. मुलगी पिढ्यावरून उठलीच नव्हती. मला वाईट वाटत नव्हतं, हे लिहून ठेवतो. मला बरं वाटत होतं. सहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना भंडाऱ्याला न्यावं लागलं. माय मुलीजवळ थांबली, मागच्या सीटवर मी आणि बाबूजी. दुपट्ट्यात बांधलेला हात त्यांनी मांडीवर घेतला होता, ओठ सुजला होता. वरठीच्या अलीकडे रस्ता खोदलेला, जीप आदळत होती. एका खड्ड्यात ते माझ्या मांडीवर ओकले. नुसतं पाणी आणि चहा. माझा हात आपोआप त्यांच्या कपाळाला गेला, ओकणाऱ्याचं कपाळ धरतात म्हणून.

तोंड पुसून झाल्यावर ते म्हणाले, "पोट्टीले काही नसतं झालं."

मी सदऱ्याच्या टोकानं मांडी पुसत राहिलो.

"तुले मारलं, ते मारणं होतं. बाकीच्यांचं नाटक होतं. डोक्यामागं माह्याच हाताची टाळी वाजवत होतो. कोणाच्या कानाले बोट बी नाही लावलं."

"खोटं," मी म्हणालो.

"विचार कोणाले बी."

मग मी विचारलं, "मंग बंद काहून नाही केलं?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "सारं गाव औषध म्हणून राहिलं होतं," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं, तं मंग तुले जे केलं, ते काय होतं?"

मला त्यांना धावत्या जीपमधून ढकलून द्यावंसं वाटलं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी रांगत होतो तेव्हापासून माहीत होतं. स्वतःच्या कानांनी परत परत 'औषध' हा शब्द ऐकता यावा म्हणून त्यांनी मला अंगणात वर्षानुवर्षं गरगर फिरवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी हात कसा मोडला विचारलं तेव्हा माझ्या आधी तेच बोलले. "ओट्यावरून पडलो."

मी विचारायचं ते विचारलंच. तो मासेवाला मित्र जाळं वाळत घालत होता, त्यालाही लहानपणी त्याच्या मायनं आमच्याकडे आणलं होतं. "टाळीच होती ना बे," तो म्हणाला. "मी तं भेवानं मुतलो होतो. पण हात नाही लागला." इतकी वर्षं मला सांगितलं का नाही, विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू घरचा. तुले माहीत असन ना."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि सरांच्या टेबलावर ओणवं होऊन सांगितलं की यानात बसणारे लोक ओकतात, त्यांना कोणी घरी ठेवत नाही. सर बहुतेक माझ्या बोलण्याला नाही, माझ्या हातांना घाबरले. मुलगी सहलीला गेली. जाताना-येताना मिळून पाच पिशव्या भरल्या आणि सगळं प्रदर्शन बघून आली. तिथे काय काय पाहिलं ते तिनं आबाजींच्या खाटेशी बसून तासभर सांगितलं. मी दारात उभा होतो. मला पाहिलं की ती थांबायची.

बाबूजींच्या मनगटात सळई घातली. हाड जुळलं, बोटं मात्र मिटत नाहीत. डाव्या हातानं ते जेवत नाहीत, आजवर कधी जेवले नाहीत, म्हणून माय भरवते. परवा बुधवारी ती आणि बायको बाजाराला गेल्या होत्या, यायला उशीर झाला. मी ताट वाढून घेतलं, त्यांच्या पाटासमोर बसलो. भातावर वरण घालून कालवलं, घास केला आणि हात पुढे नेला.

माझा हात तोंडाजवळ आला तशी बाबूजींनी मान मागे घेतली आणि डोळे गच्च मिटले.

मी घास हातात धरून बसून राहिलो. त्यांचे डोळे उघडेपर्यंत भात गार झाला होता.